बेडकाचा ट्रेलर आणि ठिणगीआजोबांचे डोळे

"ही चाकं आहेत की बशा?" प्रोफेसर खाली वाकून म्हणाला.

दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बाळा, हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा ट्रेलर आहे. लोक गवत नेतात, जुनी कपाटं नेतात..."

"पण आम्हाला बेडूक न्यायचाय! तीनशे किलोचा!" मुंगी म्हणाली.

"तीनशे किलोचा बेडूक?" दुकानदार दोन पावलं मागे सरकला. ते पाहून शेपूट इतका हसला की त्याला उचकी लागली.

बेडूक म्हणजे डोंगर बचाव पथकाची नवी चारचाकी बाइक. हिरवीगार, जाडजूड चाकांची, दगडधोंड्यांवरून टुणटुण उड्या मारत जाणारी. डोंगरात कुणी पाय मोडून पडलं, तर जीप जिथे थांबते तिथून पुढे बेडूक जाणार होता. पण डांबरी रस्त्यावर त्याची मऊ चाकं झिजत, म्हणून डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याला जीपच्या मागे ट्रेलरवर बसवूनच न्यायला हवं होतं. पथकाचे कॅप्टन त्यासाठी वर्कशॉपवाल्या मामाला घेऊन दुकानं पालथी घालत होते, आणि मामाचा मुलगा व सुट्टीत घरी आलेली भाचरं त्याच्या मागे मागे.

मुंगी बारा वर्षांची. अंगाने एवढीशी, पण दिवसभर तुरुतुरु काहीतरी करत असायची, म्हणून मुंगी. तिचा आठ वर्षांचा भाऊ तिला एक क्षण सोडत नसे, म्हणून तो शेपूट. आणि मामाचा मुलगा चष्मा नाकावर सरकवत प्रत्येक गोष्टीचं कारण सांगे, त्यामुळे तो प्रोफेसर.

एका ट्रेलरची चाकं बशीएवढी, दुसऱ्याला बेडूक चढवायला रॅम्प नाही, तिसरा इतका जड की रिकामा ओढतानाच जीपला धाप लागावी. शेवटी मामाने हात झटकले. "कॅप्टन, चला! मीच बनवून देतो. शनिवारी सकाळी तुमच्या दारात!"

"तीन दिवसांत?"

"माझ्याकडे ठिणगीआजोबा आहेत," मामा ऐटीत म्हणाला.

ठिणगीआजोबा मामाच्या वर्कशॉपमधले वेल्डर. मामाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मामाला हातात वेल्डिंगचा दांडा कसा धरायचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या सदऱ्यावर ठिणग्यांनी जळलेली इतकी बारीक भोकं होती की उन्हात उभे राहिले की सावलीत चांदण्या दिसत.

बुधवारी सकाळी वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने ट्रेलरचं चित्र निघालं. लोखंडी पट्ट्या कापल्या गेल्या, चौकट जुळली, पुढचा लांब दांडा बसला. मुलांना कामं वाटली. शेपटाकडे नटबोल्ट निवडायचं काम, प्रोफेसरकडे आकडे लिहायचं. मोजायचं काम मात्र मुंगीने भांडून मिळवलं.

"मी मोजणार! माझी नजर पक्की आहे!"

"माझी पण पक्की आहे," प्रोफेसर म्हणाला.

"तुझी नजर चष्म्यात आहे. चष्मा काढला की गेली!"

"बरं, तू मोज," मामा हसत म्हणाला. "पण आपल्या टेपचं माहीत आहे ना?"

वर्कशॉपची टेप जुनी होती. तिचं पहिलं टोक केव्हाच तुटलं होतं. नवी आणायचं मामा चार वर्षं म्हणत होता. तोवर सगळेच जण दहाचा आकडा कडेला लावून मोजत आणि हव्या त्या मापात दहा मिळवून खूण करत. पन्नास हवे असले की साठवर रेघ. सगळ्यांच्या हाताला ते इतकं बसलं होतं, की कुणी त्याचा विचारही करत नसे.

"माहीत आहे रे मामा! मी काय बाळ आहे?" मुंगी म्हणाली.

दुपारपर्यंत तिने वीस खुणा केल्या. वीसच्या वीस बरोबर! तिला आभाळ ठेंगणं झालं. शेवटची खूण ॲक्सलची, म्हणजे चाकांचा आडवा दांडा जिथे बसणार तिथली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून, एकेक रेघ मारायची होती. तेव्हा प्रोफेसरने वाद उकरून काढला. म्हणे, ट्रेलरला 'पालखी' म्हणायचं! मुंगीला 'डबकं' हवं होतं.

"बेडूक डबक्यात बसतो, पालखीत नाही! किती मामा?"

"एकशे पंचेचाळीस!" मामा ओरडला.

"डबकं! डबकं! डबकं!" म्हणत मुंगीने दोन्हीकडे सर्रकन रेघ मारली.

ठिणगीआजोबांनी खडूच्या रेघेवर टोकदार लोखंडी पंच ठोकून तीन-तीन ठिपके उठवले. खडू जळून जातो, ठिपके राहतात, ही त्यांची पद्धत. मग त्यांनी मामाला हाक मारली, "पोरा, खूण तपासलीस का? दोघांनी मोजल्याशिवाय मी पेटवत नाही, माहीत आहे ना?"

मामा फोनवर बोलत होता. त्याने लांबूनच अंगठा उंचावला. आजोबांनी तोंडावर काळ्या काचेची झडप ओढली आणि निळा प्रकाश चमकला.

गुरुवारी दुपारी रंग वाळला. लालभडक ट्रेलरवर हिरवा बेडूक चढला, पट्ट्यांनी घट्ट आवळला गेला. त्याच्या मागच्या पेटीत दोर आणि स्ट्रेचर ठेवलं. कॅप्टन बघायला आले होते, त्यांच्या ड्रायव्हरने जीप काढली. फाटकापाशी दोन गिऱ्हाईकंही बघायला उभी राहिली.

पहिली शंभर पावलं छान गेली. मग रस्ता उताराला लागला, जीपने जरा वेग घेतला आणि ट्रेलर डुलायला लागला! आधी थोडा डावीकडे, मग जास्त उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. जीपचं मागचं टोकही त्याच्याबरोबर हेलकावे खाऊ लागलं.

"थांबा! थांबा!" सगळे ओरडत धावले.

ड्रायव्हरने कशीबशी जीप आवरली. ट्रेलर सर्रकन फिरून कडेच्या भिंतीला घासला. मागचा दिवा फुटला, बेडकाचा आरसा निखळला. कुणाला लागलं नाही.

"डोंगराच्या रस्त्यावर हे झालं असतं तर?" कॅप्टन हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मामाचा चेहरा काळवंडला. सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं होतं. तो मुंगीकडे वळला. "ॲक्सलची खूण कितीवर केली होतीस?"

"एकशे पंचेचाळीसवर! मला आठवतंय ना!"

"नक्की?"

"शपथ!" मुंगी छाती पुढे काढून म्हणाली. "माझी रेघ एकदम बरोबर होती."

आता मामा ठिणगीआजोबांकडे बघू लागला. सगळेच बघू लागले.

"काका," मामा म्हणाला, "रेघ बरोबर होती, मग तुम्ही कुठे जोडलंत? किती दिवस मी बघतोय, तुम्ही कागद लांब धरून वाचता. तुमचे डोळे राहिले नाहीत आता. उद्यापासून येऊ नका. घरी आराम करा."

आजोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, भिंतीला घासलेल्या ट्रेलरकडे पाहिलं. मग आत जाऊन हातमोजे एकावर एक नीट ठेवले आणि मागच्या दाराने निघून गेले.

त्या वेळी मुंगीला काय वाटलं? खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चूक आपली नाही ना, मग झालं! ही गोष्ट तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिली, आणि आठवली की तिचे कान गरम होत.

शुक्रवारी सकाळी प्रोफेसर दोन्ही हात मागे बांधून वर्कशॉपला लागून असलेल्या घराच्या अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"मला पटत नाही. ट्रेलर डुलला का? कारण शोधलंच पाहिजे!"

"आजोबांनी चुकीचं जोडलं म्हणून," मुंगी म्हणाली.

"पण काय चुकीचं? मोजल्याशिवाय बोलायचं नाही. शेपटा, तुझे चाकांचे बूट आण!"

"मोडणार नाहीस ना?" शेपटाने विचारलं.

"विज्ञानासाठी मोडले तर चालतात."

"मग तुझा चष्मा मोड!"

अखेर बूट आले. त्यांवर फळी बांधून छोटा ट्रेलर तयार झाला, तो सायकलला जोडला. फळीवर वीट पुढच्या बाजूला ठेवली, तर गाडी शहाण्यासारखी मागून आली. वीट मागे सरकवली आणि मुंगीने जोरात पेडल मारलं, तर फळी डावी-उजवी नाचायला लागली आणि वीट उडून मामीच्या कुंडीवर!

"अगं बाई! आता काय घर पाडताय?" मामी खिडकीतून ओरडली.

"मामी, तुझा वजनकाटा दे ना!" मुंगी म्हणाली.

"कुंडी फोडलीत, आता काटाही फोडायचाय?"

"मामी, प्लीज! कोडं सुटतंय!"

बेडूक अजून ट्रेलरवरच होता. काल जीपपासून सोडवून अंगणात आणलेला ट्रेलर पोरांनी चाकांना विटा लावून सरळ उभा केला आणि दांड्याच्या पुढच्या टोकाखाली विटांच्या चळतीवर मामीचा काटा ठेवला. आजोबा काम करताना सांगायचे, "पाचशे किलोची गाडी असेल तर पंचवीस-तीस किलो तरी जीपच्या हुकावर बसायला हवेत. नाहीतर गाडी मालकाचं ऐकत नाही."

काट्याची सुई अकरावर थांबली.

"अकराच!" प्रोफेसर नाचायलाच लागला. "वजन मागे गेलंय! म्हणजे ॲक्सल पुढे बसलाय! मोजा!"

टेप मामाच्या खिशात होती. म्हणून मामीची शिवणाची टेप आणली. मुंगीने शून्य कडेला लावलं. एकशे पस्तीस. दुसऱ्या बाजूला मोजलं. एकशे पस्तीस.

"दहा सेंटिमीटर! बरोबर दहा सेंटिमीटर पुढे! शोधून काढलं!" प्रोफेसर ओरडत मामाकडे धावला. त्याच्या मागे शेपूट, "काढलं, काढलं" करत.

मुंगी मात्र तिथेच उकिडवी बसून राहिली. तिने ॲक्सलच्या आधाराशेजारचा रंग नखाने खरवडला. खाली पंचचे तीन ठिपके होते. दुसऱ्या बाजूलाही तीन. आणि जोड बरोब्बर त्या ठिपक्यांवर होता. केसभरही इकडेतिकडे नाही.

ज्याची नजर गेली, त्याचा हात एका बाजूला इकडे आणि दुसरीकडे तिकडे जाईल. दोन्हीकडे सारखेच दहा कसे चुकतील?

तिच्या डोळ्यांपुढे बुधवारची दुपार उभी राहिली. "डबकं! डबकं!" आणि खडूच्या टोकाखाली लख्ख दिसणारा आकडा. एकशे पंचेचाळीस. तो दिसायलाच नको होता! तिथे एकशे पंचावन्न दिसायला हवं होतं. दहा मिळवायचे राहिले होते.

मुंगीने ठिपक्यांवर तळवा ठेवला.

तेवढ्यात मामा आला, स्वतः मोजलं आणि त्याने मुंगीची पाठ थोपटली. "वा रे पठ्ठ्यांनो! माझ्यासारख्याला जे सुचलं नाही ते तुम्ही काट्यावर शोधलंत! म्हणजे मी म्हणत होतो तेच. काकांचे डोळे. पोरांनी सिद्ध करून दाखवलं!"

"हुशार आहेत हो माझी पोरं," मामी म्हणाली. "कुंडी माफ!"

मुंगी मामीची टेप गुंडाळत राहिली. जेवताना मामाने कॅप्टनना फोन करून सगळं सांगितलं, तिचं नाव दोनदा घेतलं. ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. 'बोलू का? नको. आता ॲक्सल मागे सरकवला की झालं. कुणाला कळणारसुद्धा नाही.' हा विचार तिच्या मनात आला, आणि आला याचीच तिला जास्त लाज वाटली.

ताटावरून उठून ती सरळ चालायला लागली. मागून शेपूट. "कुठे चाललीस? मी पण!"

"तू नको."

"मी शेपूट आहे. मी येणारच."

ठिणगीआजोबा दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहत. दार उघडं होतं. आजोबा समोरच्या भिंतीपासून लांब, पलंगाला टेकून उभे होते. त्यांनी एका डोळ्यावर हात ठेवला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक आकडे मोठ्याने वाचत होते. "अकरा... बारा... तेरा..." मग दुसरा डोळा झाकला. "अकरा... बारा..." मग पुढे जाऊन, कॅलेंडरला नाक लावून, आपण बरोबर वाचलं का ते त्यांनी बघितलं.

मुंगी दारातच थिजली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"कोण? मुंगी का?" आजोबा म्हणाले. "ये गं. काल रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. मी म्हटलं, पोरीने शपथ घेतली म्हणजे रेघ बरोबरच असणार. मग माझ्याच डोळ्यांनी दगा दिला. पण मला तर सगळे आकडे दिसतायत! कळत नाही, झालं काय ते."

"आजोबा," मुंगी म्हणाली. "तुमचे डोळे चांगले आहेत. मी दहा मिळवले नाहीत."

"कुठले दहा?"

"टेपचे दहा. मी मिळवले नाहीत. मी भांडत होते. आणि वर शपथ घेतली. आणि आज मला सकाळीच कळलं, तरी मी जेवायला बसले."

आजोबा पलंगावर बसले. तिला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ दे गं, लहान आहेस. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"फार वाईट गेला गं माझा कालचा दिवस," एवढंच ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण शपथ घेतलीस कुठे? फाटकापाशी, चार माणसांत. मग सांगायचंही तिथेच."

"तुम्ही येता ना माझ्याबरोबर?"

"मी येतो. पण बोलायचं तू."

वर्कशॉपमध्ये कॅप्टन, ड्रायव्हर आणि कालची दोन्ही गिऱ्हाईकं हजर होती. सगळे पोरांचा पराक्रम बघायला आले होते! मामा काट्यावरचे अकरा किलो रंगवून रंगवून सांगत होता.

"ही बघा आली आमची गुप्तहेर!" तो म्हणाला आणि तिच्यामागे आजोबांना पाहून थबकला.

"मामा, मी चुकले," मुंगी म्हणाली.

"काय? मोठ्याने बोल."

"मी चुकले! रेघ मीच चुकीची मारली. दहा मिळवायचे विसरले. आजोबांनी रेघेवर बरोब्बर जोडलं होतं, मी रंग खरवडलाय, बघा, खाली पंचचे ठिपके आहेत. त्यांचे डोळे चांगले आहेत. मी खोटी शपथ घेतली. म्हणजे तेव्हा मला माहीत नव्हतं खोटी आहे. पण आठवून बघायला हवं होतं, आणि मी बघितलं नाही. आणि आज तुम्ही सगळ्यांनी शाबासकी दिलीत तेव्हा मी गप्प बसले."

ड्रायव्हर उगाच जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. मुंगीला स्वतःच्या चपला सोडून दुसरीकडे कुठे बघताच येईना.

मग प्रोफेसर खाकरला. त्याचे कानही लाल झाले होते. "आकडे मी लिहीत होतो. माझंही लक्ष नव्हतं. मी पालखी पालखी करत होतो."

"मी नटबोल्ट बरोबर निवडले होते," शेपूट घाईघाईने म्हणाला.

एक गिऱ्हाईक हसलं, पण मामा हसला नाही. त्याने ट्रेलरखाली वाकून अंगठ्याने ठिपके चाचपले. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मला विचारलं होतंत. खूण तपासलीस का म्हणून. मी फोनवरून अंगठा दाखवला."

"हो. दाखवलास," आजोबा म्हणाले.

"आणि टेप! तुटकी टेप चार वर्षं वापरतोय मी, आणि पोरीच्या हातात दिली. वर तुम्हालाच डोळे नाहीत म्हणालो, या सगळ्यांसमोर." मामाने दोन्ही हात जोडले. "या सगळ्यांसमोरच माफी मागतो. उद्यापासून या असं नाही म्हणत. आत्ताच या."

"ट्रेलर उद्या सकाळी न्यायचाय ना?" आजोबा सदऱ्याच्या बाह्या सरसावत म्हणाले. "मग आत्ताच आलं पाहिजे. ग्राइंडर लाव."

जुना जोड कापला गेला. मामाने स्वतः जाऊन कोरी टेप आणली. आजोबांनी खडू मुंगीपुढे धरला. तिने हात मागे घेतला.

"मी नको. प्रोफेसरला सांगा."

"तुलाच सांगतोय."

तिची पहिली रेघ वाकडी झाली. पुसून दुसरी मारली. मग मामाने मोजलं. मग आजोबांनी. मग कॅप्टन म्हणाले, "मीही बघतो," आणि ड्रायव्हर म्हणाला, "गाडी मी चालवणार आहे, मला तर बघितलंच पाहिजे!" सगळ्यांचं माप एकच आलं. एकशे पंचेचाळीस.

उन्हं उतरायच्या आत ट्रेलर पुन्हा काट्यावर चढला. सुई तिसाला जाऊन टेकली. मग जीप त्याच रस्त्याने, त्याच उताराने गेली. सगळ्यांनी श्वास रोखून धरले. बेडूक मागे ताठ बसून गेला आणि तसाच ताठ परत आला.

"काय राव! मागे काही आहे असं वाटलंच नाही!" ड्रायव्हर उतरत म्हणाला.

टाळ्या वाजल्या. कॅप्टन मुंगीपुढे गुडघा टेकून बसले. "तुम्ही पोरांनी तो काटा लावला नसता तर चूक सापडली नसती. आणि चार माणसांत आपली चूक सांगायला डोंगर चढण्याइतकी छाती लागते. शाबास!"

"खरंच, शाबास!" मामी म्हणाली. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आता करू नकोस, आणि आजचं धाडस लक्षात ठेव."

मुंगीने मान हलवली. पण तिला शाबासकी कुठे ठेवावी तेच कळेना. सकाळचीही अजून तशीच बोचत होती. डोळे भरून आले आणि सगळे जण आणखीच "अगं, रडतेस काय? किती गुणाची पोर!" करायला लागले. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

आजोबा कोपऱ्यात स्टुलावर बसून पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पुरे करा रे तिचं कौतुक!" ते ओरडले. "इथे सगळीकडे लोखंडाचा कीस पडलाय, कुणाच्या पायात जाईल. मुंगे, झाडू घे."

मुंगी धावत गेली. झाडू तिच्या खांद्याएवढा होता. जळक्या खपल्या, किसाचे काळे कण, खडूची भुकटी, सगळं ती खाली मान घालून झाडत सुटली. शेपूट सुपली घेऊन मागे मागे. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. स्टुलापाशी आल्यावर आजोबांनी दोन्ही पाय वर उचलून धरले. ती खालून झाडत पुढे गेली, तसे त्यांनी पाय पुन्हा खाली ठेवले आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"तो कोपरा राहिला," ते म्हणाले.